अस्वलाबद्दल मी सांगितलेलं खोटं

मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत. कडक बाई म्हणून माझं नाव होतं. नकाशात कर्कवृत्त जरा वर सरकलं तरी मी मुलींना पान फाडायला लावत असे, आणि माझ्या स्वतःच्या मुलीलाही त्यातून सूट नव्हती. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं अशा बाईनं केलं आहे.

निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत आमचे हे गेले. मुलगी नॉर्वेत नोकरीला. एका उन्हाळ्यात तिनं मला तिकडे बोलावून घेतलं आणि तिथून आणखी उत्तरेला, स्वालबार नावाच्या बेटांभोवती फिरणाऱ्या एका लहान जहाजावर नेलं. "आयुष्यभर फळ्यावर खडूनं काढलंस, आता डोळ्यांनी बघ," म्हणाली. आम्ही जैन. मी कांदा-बटाटा खात नाही, त्यामुळे जहाजावरचा स्वयंपाकी पहिले दोन दिवस माझ्याकडे बघून नुसता खांदे उडवायचा. मी डब्यातून नेलेलं बिनलसणाचं भडंग खात डेकवर बसायची. अंगात लेकीचा जाड कोट, डोक्याला मफलर, आणि मावळायचं नाव न घेणारा सूर्य.

चौथ्या दिवशी दुपारी अस्वल दिसलं. पांढऱ्या अस्वलांच्या फार जवळ जायला तिथे बंदी आहे, म्हणून जहाज लांबच उभं केलं. आमच्या बरोबरची वाटाडी एक नॉर्वेजियन बाई होती, चाळिशीची, पूर्वी अस्वलांच्या अभ्यासाचं काम केलेली. तिनं तिवईवरची मोठी दुर्बीण लावून दिली. किनाऱ्यावर काळ्या खडकांमधून एक अस्वल चाललं होतं. माझ्या मनातलं पांढरं अस्वल म्हणजे धिप्पाड, कापसासारखं. हे मळकट पिवळं होतं. माकडहाड वर आलेलं, पोटाची कातडी लोंबणारी, मागचा एक पाय ओढत टाकत होतं. डोक्यावर सुरय पक्षी झेपा घालून टोचत होते आणि ते मान खाली घालून सहन करत होतं. थोडं चालून बसलं. बसल्यावर तोंड उघडून जांभई दिली. लेकीनं मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्यातून त्या जांभईसकट फोटो काढले.

मी वाटाडीला विचारलं, "हे बर्फ वितळल्यामुळे उपाशी आहे ना?"

ती दुर्बिणीतून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तसं मला म्हणता येणार नाही. हा नर खूप म्हातारा आहे. जांभई दिली तेव्हा बघितलंत का, सुळे झिजून गेलेत. ज्या वर्षी भरपूर बर्फ असायचा त्या वर्षीही म्हातारे नर असेच मरायचे. एका अस्वलाकडे बघून हवामानाचं काही सांगू नये."

मग तिनं हात करून डाव्या बाजूची खाडी दाखवली. डोंगरांच्या मधून आत शिरलेली लांब, चिंचोळी, निळी खाडी. म्हणाली, "मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा हिवाळ्यात ही सगळी गोठायची. आम्ही बर्फावरून गाड्या घालून पलीकडे जायचो. आता कित्येक हिवाळे इथे लाटा असतात. सील बर्फावर पिल्लं घालतात आणि अस्वलं बर्फावरूनच सील पकडतात. पाण्यात सील पकडणं त्यांना जमत नाही. काही बेटांवर अस्वलांच्या माद्या बर्फावरून चालत यायच्या, बिळं करून पिल्लं घालायच्या. हल्ली बर्फ इतका उशिरा धरतो की त्या बेटावर पोहोचतच नाहीत. पण हे फोटोत दिसत नाही. फोटोत नुसती खाडी दिसते."

खरं तर मी त्या खाडीचाही फोटो घ्यायला लावला होता. चांगला आला नाही. पाणी, डोंगर आणि मधे कुणाचा तरी कोपर.

परत आल्यावर आमच्या पेठेतल्या महिला मंडळानं मला बोलायला सांगितलं. पहिल्यांदा मी सगळं बरोबर सांगितलं. खाडी दाखवली, बर्फ कसा धरतो, सील कुठे पिल्लं घालतात, सगळं. दहा मिनिटांत मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी पर्स उघडून वेलदोडा काढला. चौतीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला लक्ष उडाल्याचा आवाज लगेच कळतो. मी घाईनं अस्वलाचा फोटो लावला. सगळ्या खोलीतून एकदम "अगं बाई" असा सुस्कारा आला. पहिल्या रांगेतल्या एकीनं विचारलं, "उपाशी आहे का हो बिचारं?"

मी म्हणाले, "हो."

ते खोटं नव्हतं म्हणा. उपाशी होतंच. पण मी तिथे थांबले, पुढचं सांगितलं नाही. ते थांबणं मला जड गेलं नाही, हे खरं वाईट.

पुढच्या ठिकाणी मी म्हणाले, "बर्फ वितळल्यामुळे याला शिकार मिळत नाही." त्याच्या पुढच्या ठिकाणी म्हणाले, "आम्ही परत त्या किनाऱ्यावरून गेलो तेव्हा ते मरून पडलं होतं." आम्ही परत त्या किनाऱ्यावरून गेलोच नव्हतो. हे वाक्य माझ्या तोंडून आलं तेव्हा मलाच क्षणभर आश्चर्य वाटलं. पण समोर एका शाळेतल्या मुलींचे डोळे भरले होते, आणि पुढच्या वेळी ते वाक्य मी आधीच तयार ठेवलं. कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा, हेही ठरून गेलं. स्थानिक पेपरात माझा अस्वलासकट फोटो आला. बायका रस्त्यात थांबवून म्हणायच्या, "बाई, तुमचं ते अस्वल डोळ्यांपुढून जात नाही." मला बरं वाटायचं. मी स्वतःला सांगायची, बर्फ वितळतोय हे तर खरंच आहे, मग एवढ्या तेवढ्यानं काय होतं?

आता आक्कांबद्दल सांगते. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत त्यांचा गोठा आहे. चार म्हशी. वीस-बावीस वर्षं आमच्या घरी दूध त्याच घालतात. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते, मीही, वयानं आम्ही बरोबरीच्या असलो तरी. शाळा चौथीपर्यंत. सकाळी सहाला दुधाची कासंडी घेऊन दारात, पायरीवर दोन मिनिटं टेकणार, गल्लीतल्या चार गोष्टी सांगणार आणि "येतो मी" म्हणून उठणार, आमच्याकडच्या बायका बोलतात तसं. हे गेले तेव्हा तेरा दिवस त्या मला दुधाबरोबर जबरदस्तीनं खायला घालून जात होत्या.

महिला दिनाला पेठेतल्या एका सभागृहात माझं भाषण ठेवलं, तेव्हा मीच आक्कांना म्हणाले, "या की ऐकायला." त्या आल्या. हिरवं इरकल नेसून, केसांना तेल लावून, अगदी मागच्या रांगेत बसल्या. हॉल भरलेला होता. मी माझं सगळं व्यवस्थित केलं. आवाज खाली आणला. "आणि दोन दिवसांनी आम्ही परत आलो तेव्हा..." म्हणून थांबले. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, तेव्हा आक्का उभ्या राहिल्या.

"बाई, एक बोलू का?"

"बोला की आक्का."

पडद्यावर अस्वल तसंच होतं. त्या त्याच्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्ये जनावर म्हातारं हाय. निस्तं उपाशी न्हाय. तरणं जनावर उपाशी असलं तर मान वर करून वास घेत फिरतंय, एका जाग्याला बसत न्हाय. ह्येची मान बघा की. आणि तोंड उघडलंय तितं दात कुठं हाईत? आमची म्हातारी म्हस शेवटी अशीच झालती. म्होरं हिरवा चारा टाकला तरी चावता येत नव्हता तिला. चाऱ्याची काय चूक नव्हती."

हॉलमधल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्या जे म्हणाल्या ते वाटाडीनं सांगितलेलंच होतं. जगाच्या दोन टोकांच्या दोन बायकांनी एकच तोंड बघून एकच गोष्ट ओळखली होती. आणि मी, जिला ते माहीत होतं, मी हसले. माइकमध्ये.

"आक्का, ते अस्वल आहे, म्हैस नव्हे. तुम्ही दुधाचं बघा, अस्वलाचं मला बघू द्या."

सगळा हॉल हसला. आक्काही हसल्या. हसतच खाली बसल्या आणि पदर सारखा केला. पुढे आभार, हार, चहा झाला. मी शोधलं तेव्हा त्या निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून दूध घेऊन त्यांची सून यायला लागली. मी विचारलं, "आक्का बऱ्या आहेत ना?" ती म्हणाली, "गुडघं दुखत्यात म्हणं." त्याच दिवशी मी आक्कांना तिकटीला, तीन रस्ते मिळतात तिथे, भाजीच्या गाड्यावर बघितलं. ताठ चालत होत्या. मी गाड्याच्या पलीकडून घरी आले.

मंडळातल्या कुणीतरी त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण करून गटावर टाकलं होतं. मी मोठ्या हौसेनं ते लेकीला पाठवलं. आठवडा गेला तरी तिचं काही उत्तर नाही. मग रविवारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आई, ते अस्वल मेलं कधी?"

मी म्हणाले, "कुठलं?"

"तू त्यात म्हणतेस की आपण परत गेलो तेव्हा ते मेलं होतं. आपण कधी परत गेलो?"

मी म्हणाले की माणसांना समजावं म्हणून थोडं सोपं करून सांगावं लागतं. ती म्हणाली, "ते सोपं कुठे केलंस? आणि आक्का बरोबर होत्या. तुला माहीत होतं त्या बरोबर आहेत. मी तिथे होते आई, त्या बाईनं तुला सांगितलं तेव्हा मी शेजारी उभी होते." ती चिडली असती तर मी वाद घातला असता. पण तिचा आवाज लाजल्यासारखा येत होता. आपली लेक आपल्यामुळे लाजते आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच ऐकू आलं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गॅसपाशीच उभी होते. गॅसवरचं दूध उतू गेलं तेही वास आल्यावर कळलं.

माझ्या पुतण्याचं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीन शॉप आहे. तिथल्या लहान कारखानदारांची एक संघटना आहे, तिच्यात त्याची ऊठबस. पर्यावरण दिनाला त्यानं माझं भाषण ठेवलं होतं. मी ठरवलं, इथेच सांगून टाकायचं. अनोळखी माणसं, त्यामुळे सोपं जाईल असंही मनात होतं, हे कबूल करते.

समोर साठ-सत्तर माणसं. फौंड्रीवाले, मशीन शॉपवाले, बरीचशी आमच्याच समाजातली, काही माझ्या विद्यार्थिनींचे नवरे. मी फोटो लावला आणि सांगितलं की या अस्वलाबद्दल मी आजवर खोटं बोलत आले. ते म्हातारं होतं. ते मेलेलं मी बघितलं नाही. हॉलमध्ये हालचाल झाली. मग मी खाडीचं सांगायला घेतलं. पण जे शांतपणे सांगायला हवं होतं ते मी कसंबसं पाच मिनिटांत गुंडाळलं. खाडीचा फोटो लावला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ह्यात काय हाय?"

शेवटी पुतण्या आभार मानायला उठला. तो मनानं वाईट नाही. त्याला माझी बाजू सावरायची होती. म्हणाला, "काकूंनी आज मोठ्या मनानं सांगितलं की ह्या बर्फाच्या, अस्वलांच्या गोष्टी कशा तिखटमीठ लावून सांगितल्या जातात. आपल्या धुराड्यांकडं बोट दाखवणाऱ्यांनी हे ऐकायला पाहिजे होतं." जोरात टाळ्या झाल्या. माझ्या सगळ्या भाषणांना मिळून झाल्या नसतील एवढ्या.

मी त्याच्या शेजारीच उभी होते. माइक हाताच्या अंतरावर होता. मला एवढंच म्हणायचं होतं की नाही, मी खोटी आहे म्हणून बर्फ खोटा होत नाही. चौतीस वर्षं ज्या तोंडानं बडबड केली ते तोंड उघडलं नाही. मला वाटलं, आता परत बोलले तर म्हणतील म्हातारी एकदा हे म्हणते, एकदा ते. मी शाल घेतली. श्रीफळ घेतलं. बाहेर मांडवात एक पोक्त गृहस्थ येऊन पाया पडले आणि म्हणाले, "बाई, फार बरं केलासा. हे सगळं थोतांडच हाय." मी त्यांना आशीर्वाद दिला आणि प्लेटमधला ढोकळा खाल्ला.

परत येताना गाडीत पुतण्या खुशीत होता. मी खिडकीतून उसाचे फड बघत आले. पहिलं खोटं मी बोलून केलं होतं, दुसरं गप्प बसून. आणि दुसरं जास्त लांब गेलं, कारण त्याची क्लिप त्यानं दुसऱ्याच दिवशी सगळीकडे पाठवली.

पावसाळा असाच गेला. मी सगळी आमंत्रणं नाकारली. दारात सून येत राहिली. दशलक्षण पर्व आलं. आमच्यात दहा दिवस उपवास, स्वाध्याय चालतात, त्यातला एक दिवस सत्याचा. त्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पंडितजी सत्यावर बोलत होते आणि मी खांबाच्या मागची जागा धरून बसले होते. पर्व संपल्यावर क्षमावाणी. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायची. मी दरवर्षी आक्कांनाही हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणायची, आणि त्या म्हणायच्या, "आता काय केलासा बाई तुमी?" मला वाटलं, यंदा हा दिवस आयता आला आहे. त्याच्या आडोशानं सगळं निभावून जाईल.

सकाळी मी त्यांच्या गोठ्यात गेले. त्या म्हशीच्या पाठीवर पाणी ओतून घासत होत्या. मी हात जोडले आणि म्हणाले, "आक्का, उत्तम क्षमा."

त्यांनी हात थांबवला नाही. "दरसाली म्हणताय. त्यातलंच ह्ये, का येगळं?"

"वेगळं," मी म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी बरोबर बोललात. ते अस्वल म्हातारंच होतं. मला तिथेच सांगितलं होतं तसं. मला माहीत होतं."

आता त्या थांबल्या. हातातला तांब्या खाली ठेवला. "म्हायती व्हतं?"

"हो."

"मग हसला का?"

मी म्हणाले, "खोटं उघडं पडेल म्हणून."

म्हशीनं शेपटी मारली, पाण्याचे शिंतोडे माझ्या पांढऱ्या साडीवर उडाले, आणि मी ते झटकलेही नाहीत.

"मी घरला जाऊन आरशात बघितलो," आक्का म्हणाल्या. "म्हटलं, आपुन कशाला उठलो? शिकल्याली बाई, इमानानं जाऊन बघून आलीया, आणि आपुन शेणातलं. सुनंला म्हटलं, मी काय आता कुठं बोलाय जायची न्हाय. सा-सात म्हैनं झालं, गल्लीतल्या बायका अजून मला अस्वलवाली म्हणत्यात. हसतच म्हणत्यात. मी बी हसतोय." मग तांब्या उचलला. "बाई, तुमी हसला हॉलात. आणि माफी गोठ्यात मागताय व्हय?"

एवढं बोलून त्या परत म्हैस घासायला लागल्या. मला जा म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. मी घरी आले.

त्या वाक्यानं मला झोडपून काढलं, पण त्यात काय करायचं तेही होतं. डिसेंबरात महिला मंडळाचा वर्धापनदिन त्याच हॉलमध्ये होता. मी अध्यक्षबाईंकडे दहा मिनिटं मागितली. त्यांना वाटलं पुन्हा अस्वल, खूश झाल्या. मी या वेळी फोटो लावला नाही. उभी राहिले आणि म्हणाले, "मागच्या खेपेला मी इथे उभी राहून खोटं बोलले. आक्कांनी ते ओळखलं. मी त्यांना तुमच्यासमोर हसले आणि तुम्हाला हसवलं. त्या बरोबर होत्या, मी खोटी होते, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं."

मी आक्कांसाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायला लावली होती. ती रिकामी होती. त्या दिवशी त्यांची म्हैस व्यायला झाली होती.

मग मी कागलला राहून गेलेलं सांगितलं. अस्वल म्हातारं होतं हे खरं आणि खाडी गोठत नाही हेही खरं, पहिलं कबूल केल्यानं दुसरं पुसलं जात नाही. सावकाश सांगितलं. काहीजणींनी ऐकलं. काहींना मागचा प्रसंग आठवतही नव्हता, त्या एकमेकींना विचारत होत्या, कसलं खोटं म्हणे. एक तरुण बाई उठून म्हणाली, "मग बाई, आमच्या पोरींना तुम्ही शाळेत जे सांगून गेलात त्याचं काय? माझी पोरगी चार दिवस रडत होती." मी तिला सांगितलं की तिच्या शाळेत जाऊन मी पुन्हा सांगेन. तशी मी पाच शाळांत जाऊन आले. एका मुख्याध्यापिकांनी नको म्हटलं. म्हणाल्या, मुलींच्या मनात शिक्षकांबद्दल संशय नको. मी तिथूनही परत आले.

संक्रांतीनंतर एका सकाळी दार वाजलं तर आक्का. कासंडी ठेवून पायरीवर टेकल्या. हॉलचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तितं अस्वल सोडून काय जनावर असतंय का न्हाय? चाराखाऊ?"

मी त्यांना रेनडिअरचं सांगितलं. सांबराच्या जातीचं, पाय आखूड, अंगावर दाट केस. हिवाळ्यात खुरांनी बर्फ उकरून खालचं शेवाळ, वाळकं गवत खातं. हल्ली तिथे ऐन थंडीत पाऊस पडतो. तो जमिनीवर पडला की गोठतो आणि चाऱ्यावर काचेसारखा थर बसतो. चारा खाली असतो, पण खुरानं फुटत नाही.

आक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "महापुरात माझ्या भावाच्या गावाला असंच झालतं. म्हसरं हायवेवर आणून बांधलती. वैरणीची गंजी पाण्याखाली. वरनं टोक दिसायचं. म्हसरं त्या टोकाकडं बघून हंबरायची. भाऊ माझा कधी रडल्याला बघितला न्हवता." मग म्हणाल्या, "ह्ये सांगा की लोकास्नी. मेलेल्या अस्वलाची काय गरज व्हती?"

मी मान खाली घातली. त्या उठल्या. आता आठवड्यातून दोनदा त्या येतात, बाकीचे दिवस सून. पूर्वीसारखं रोज नाही.

कागलचं मात्र राहिलंच आहे. मी पुतण्याला म्हणाले, मला तुमच्या लोकांपुढे परत एकदा उभं राहायचं आहे. तो म्हणतो, "बघू की काकू, ह्या वर्षाचे कार्यक्रम ठरलेत." मी संघटनेला पत्र लिहिलं, पोच आली नाही. परवा शाहूपुरीत एका नात्यातल्या बारशाला गेले होते. तिथे ढोकळ्याच्या दिवशी पाया पडलेले तेच गृहस्थ भेटले. चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "ह्या बाईंनी त्या बर्फवाल्यांचं पितळ उघडं केलं." मी हातातली प्लेट टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तसं नाही. मी तेव्हा अर्धंच बोलले, पुढचं बोलायला घाबरले." आणि खाडीपासून सांगायला सुरुवात केली. दोघं ऐकत राहिले. ते गृहस्थ मधूनमधून मांडलेल्या पंगतीकडे बघत होते. नंतर म्हणाले, "बाई, पंगत बसलीय, जेवून बोलू की." ते गेले. मी राहिलेल्या दोघांना उरलेलं सांगितलं.